कमरेतली भूल किती वर चढते?

समजा, एकाच घरात दोन जावा आहेत. दोघींची बाळंतपणे एकाच दवाखान्यात झाली, दोघींचे सिझर झाले, दोघींना कमरेत तेच इंजेक्शन आणि तेवढेच औषध दिले गेले. थोरली घरी येऊन सांगते, "मला तर पार छातीपर्यंत बधिर झालं. श्वास घेतलेला कळतच नव्हता. वाटलं, संपलं आता." धाकटी म्हणते, "मला तसं काही नाही झालं. उलट पोटातली ओढाताण कळत होती. शेवटी डॉक्टरांनी सलाईनमधून अजून औषध दिलं." ओट्यावर बसलेल्या बाया लगेच निकाल देऊन टाकतात. एकीला डोस जास्त झाला, दुसरीला कमी पडला, डॉक्टर शिकाऊ असणार!

असे अनुभव प्रत्येक वस्तीत ऐकायला मिळतात. हर्नियाच्या, मूळव्याधीच्या, मोडलेल्या पायाच्या, प्रोस्टेटच्या ऑपरेशनलाही हीच भूल देतात, म्हणून पुरुषांकडूनही ते ऐकू येतात. पण बहुतेक वेळा यात कोणाचा डोस चुकलेला नसतो. कमरेत दिलेले औषध शरीरात किती वर चढेल हे आधी नेमके सांगता येत नाही. शंभराहून अधिक वर्षे डॉक्टर हा अंदाज बांधत आले आहेत. त्यांचा अंदाज बराच सुधारला, पण नेमका झाला नाही. म्हणून तर इंजेक्शन दिल्यावर ते आपल्याला पुन्हा पुन्हा विचारत राहतात, "इथे कळतंय का? आणि इथे?" त्या प्रश्नांना आपण काय उत्तर देतो यावर फार काही अवलंबून असते. ते का, हे समजून घेऊ.

सुई कुठे जाते?

आपल्या पाठीच्या कण्यात मणके एकावर एक रचलेले आहेत. त्यांच्या पोकळीतून मेंदूपासून निघालेली मज्जारज्जू खाली येते. तिच्याभोवती एक पिशवी असते आणि त्या पिशवीत स्वच्छ पाणी असते. लोक त्याला "मणक्यातलं पाणी" म्हणतात. मोठ्या माणसात मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपते. पाण्याची पिशवी मात्र त्याच्याही खूप खाली जाते, आणि तिच्यात फक्त नसांचा झुपका असतो, घोड्याच्या शेपटीसारखा.

भूल देणारे डॉक्टर आपल्याला बसवून किंवा कुशीवर वळवून पाठ वाकवायला सांगतात. मग दोन्ही बाजूंच्या कमरेच्या हाडांवर बोटे ठेवून मधली जागा शोधतात. ती साधारण चौथ्या मणक्याची पातळी असते. सुई तिथेच, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्याच्या मधून घालतात, म्हणजे मज्जारज्जू जिथे संपली त्याच्या खाली. "सुई मज्जारज्जूत जाते आणि माणूस लुळा पडतो" ही भीती अनेकांच्या मनात असते. या जागेची निवड नेमकी तेच टाळण्यासाठी आहे. सुईही लोक समजतात तशी दाभणाएवढी नसते. नेहमी वापरली जाणारी सुई अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीची असते.

सुईतून पाण्याचा थेंब आला की जागा बरोबर सापडली. मग त्या पाण्यात औषध सोडतात. सिझरसाठी ते साधारण दोन मिलिलिटर असते, म्हणजे चमचाभरसुद्धा नाही. एवढ्याशा औषधाने अर्धे अंग बधिर होते, कारण ते थेट नसांच्या मुळाशी पोचते.

औषध सोडले कमरेत, आणि बधिरपणा आला छातीपर्यंत. ते वर गेले कसे?

साखरेची युक्ती

या भुलीची सुरुवात जर्मनीत झाली. १६ ऑगस्ट १८९८ रोजी कील या शहरात आउगुस्ट बिअर नावाच्या शल्यविशारदांनी एका मजुराच्या क्षयाने सडलेल्या पायावर शस्त्रक्रिया केली. त्याच्या मणक्यातल्या पाण्यात त्यांनी कोकेन हे त्या वेळचे बधिरीकरणाचे औषध सोडले होते. शस्त्रक्रिया वेदनेशिवाय पार पडली. आठ दिवसांनी बिअर आणि त्यांचे सहायक हिल्डेब्रांट यांनी हा प्रयोग एकमेकांवर करायचे ठरवले. बिअर यांच्यावर प्रयोग करताना सिरिंज सुईला नीट बसली नाही, औषध सांडले, मणक्यातले पाणी वाया गेले. मग हिल्डेब्रांट यांना इंजेक्शन दिले. त्यांच्या पायाला सुया टोचल्या, पेटती सिगार लावली, नडगीवर हातोडी मारली, तरी दुखले नाही. खालच्या अंगाचे केस उपटले, तेही दुखले नाही. छातीवरचा केस उपटला तेव्हा मात्र कळ आली. दुसऱ्या दिवशी नडगी काळीनिळी झाली होती. बिअर तर पुढचे कित्येक दिवस डोकेदुखीने अंथरुणाला खिळले होते.

तो छातीवरचा केस लक्षात ठेवा. भूल कुठपर्यंत चढली हे तपासण्याची ही पहिली परीक्षा म्हणता येईल. आज केसाच्या जागी स्पिरिटचा बोळा आला आहे.

पुढे लंडनचे शल्यचिकित्सक आर्थर बार्कर यांनी १९०७ साली एक सोपी पण मोठी गोष्ट दाखवली. त्यांनी कण्याच्या वळणांसारखी वाकवलेली काचेची नळी घेतली, तिच्यात पाणी भरले आणि रंगीत औषध सोडून ते कुठे जाते ते पाहिले. औषधात साखर मिसळली की ते मणक्यातल्या पाण्यापेक्षा जड होते आणि जिकडे उतार असेल तिकडे जाते. घरात सरबत करताना हेच दिसते. न ढवळता पाक ओतला तर तो तळाला जाऊन बसतो, आणि भांडे कलते केले की त्या बाजूला सरकतो.

आजही आपल्याकडे या भुलीसाठी बहुतेक ठिकाणी जे औषध वापरतात त्याला डॉक्टर "हेवी" म्हणतात. बुपिवाकेन हे त्याचे नाव, आणि त्याला जडपणा येतो तो साखरेने. (मधुमेह असणाऱ्यांनी घाबरू नये. दोन मिलिलिटरमध्ये ही साखर चिमटीभरसुद्धा नसते.)

आता माणूस उताणा झोपला की काय होते ते बघा. पाठीचा कणा सरळ काठीसारखा नसतो. उताणे झोपल्यावर कमरेचा भाग वर उचललेला राहतो आणि पाठीचा वरचा भाग, साधारण खांद्याच्या पात्यांमधला, खोलगट होतो. कमरेत सोडलेले जड औषध या टेकडीवरून दोन्हीकडे उतरते. थोडे खाली बैठकीकडे जाते, बाकीचे छातीच्या मागच्या खोलगट भागात जाऊन साचते. छातीच्या पुढे मानेकडे पुन्हा चढ लागतो. म्हणून बहुतेक माणसांत भूल छातीपाशी थांबते. शरीराच्या घडणीनेच तिथे एक बांध घातला आहे. डोक्याखाली आणि खांद्याखाली उशी देतात तीही तो चढ टिकावा म्हणून.

म्हणूनच मूळव्याधीच्या रुग्णाला इंजेक्शननंतर काही मिनिटे तसेच बसवून ठेवतात. औषध खाली बसते आणि फक्त बैठकीचा भाग बधिर होतो. एकाच पायाचे ऑपरेशन असेल तर त्या कुशीवर झोपवतात. बाळंतिणीला इंजेक्शन देताच पटकन उताणे करतात आणि उजव्या कुल्ल्याखाली काहीतरी ठेवून थोडे डावीकडे कलवतात. हे कलवणे गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर पडू नये म्हणून असते. कधी टेबलच डोक्याकडून खाली किंवा वर करतात. "मला खाटेसकट उलटं केलं" असे कोणी सांगितले तर त्यात घाबरण्यासारखे काही नाही, औषधाला वाट करून दिलेली असते. पहिली वीस-पंचवीस मिनिटे सांगितल्याशिवाय हलू नका असे म्हणतात, त्याचेही कारण हेच.

मग दोघींना वेगवेगळे का?

औषध तेच, डोस तोच, झोपण्याची पद्धत तीच. तरी फरक पडतो तो मुख्यतः पाण्यामुळे.

एक चमचा पाक तांब्यात टाकला तर पाणी चांगले गोड होते, तोच चमचा हंड्यात टाकला तर चवही लागत नाही. मणक्याच्या पिशवीतही असेच होते. पाणी कमी असेल तर औषध दाट राहते, जास्त नसांना पकडते आणि वर चढते. पाणी जास्त असेल तर ते पातळ होऊन खालीच राहते. हे पाणी माणसागणिक किती वेगळे असते? १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात १० निरोगी स्वयंसेवकांचे एमआरआय काढून कमरेकडच्या भागातले पाणी मोजले. कोणात ते सुमारे ४३ मिलिलिटर होते, तर कोणात ८१. म्हणजे जवळपास दुप्पट! त्या सगळ्यांना सारखेच औषध दिले, तेव्हा ज्याचे पाणी कमी त्याची भूल जास्त वर, असा स्पष्ट संबंध दिसला.

अडचण अशी की कोणाच्या पिशवीत किती पाणी आहे हे बाहेरून दिसत नाही. उंची, वजन, अंगकाठी यांवरून ते नक्की कळत नाही. आणि प्रत्येक ऑपरेशनच्या आधी त्यासाठी एमआरआय काढणे कुठल्याच दवाखान्यात होत नाही.

उंचीचेच घ्या. उंच माणसाला औषध जास्त लागेल, बुटक्याला कमी, असे कोणालाही वाटेल. डॉक्टरांनाही वाटत होते. १९८८ साली छापलेल्या एका अभ्यासात दिवस भरलेल्या गरोदर स्त्रियांना त्यांच्या उंची-वजनाचा विचार न करता एकसारखा डोस दिला. भूल किती चढली याचा त्यांच्या उंचीशी किंवा वजनाशी मेळ बसला नाही. तरीही फारच ठेंगण्या बाईला डॉक्टर डोस थोडा कमी करतात, आणि तेही बरोबरच आहे, कारण अगदी टोकाच्या उंचीत जोखीम घेण्यात अर्थ नाही. पावसाच्या अंदाजासारखे आहे हे. पाऊस येणार एवढे सांगता येते, आपल्या पत्र्यावर किती पडेल ते नाही.

काही गोष्टींची दिशा मात्र पक्की माहीत आहे. गरोदरपणात भूल जास्त चढते. वाढलेले गर्भाशय पोटातल्या मोठ्या शिरेवर दाब देते, त्यामुळे रक्त कण्याच्या आतल्या शिरांमध्ये तुंबते, त्या फुगतात आणि पाण्याची पिशवी दाबली जाते. शिवाय गरोदरपणातल्या हार्मोनमुळे नसा औषधाला लवकर दाद देतात. म्हणून गरोदर बाईला इतरांपेक्षा कमी डोस पुरतो. पोट खूप सुटलेले असेल, पोटात पाणी झाले असेल किंवा मोठी गाठ असेल तरी असाच दाब येतो. म्हाताऱ्या माणसातही भूल जास्त वर जाते आणि बीपीही जास्त उतरतो. सुई एक मणका वर की खाली, औषध भरभर सोडले की हळू, यांचाही थोडा परिणाम होतो, पण जड औषधात तो फारसा नसतो.

आणि विंचू! खेड्यांत आणि वस्त्यांत एक समज आहे की विंचू चावलेल्या माणसाला भूल लागत नाही. ऐकायला ही अंधश्रद्धा वाटते. पण पूर्वी विंचू चावलेल्या काही रुग्णांमध्ये कमरेतली भूल नीट लागली नाही, असे अनुभव भारतातल्या भूलतज्ज्ञांनी वैद्यकीय नियतकालिकांत मांडले आहेत. हा संबंध अजून सिद्ध झालेला नाही. तरी डॉक्टर विचारतील तेव्हा हसू नका, खरे काय ते सांगा. त्यांनी विचारले नाही तरी सांगायला हरकत नाही.

बोळ्याचा प्रश्न

अंदाज नेमका बांधता येत नाही म्हणून मोजावे लागते. आणि मोजायचे साधन म्हणजे रुग्ण स्वतः. बीपीला यंत्र आहे, नाडीला यंत्र आहे, ऑक्सिजनला बोटावरचा चिमटा आहे. भूल कुठपर्यंत आली हे सांगणारे तसे यंत्र ऑपरेशन थिएटरमध्ये नसते. ते आपल्या तोंडूनच कळते.

डॉक्टर स्पिरिटचा गार बोळा आधी दंडाला किंवा गालाला लावतात, "हे गार लागलं ना?" मग मांडीला, पोटाला, बरगडीला लावत वर येतात, "इथे तेवढंच गार लागतं का?" कधी बोथट सुईने टोचून बघतात. शरीरावर त्यांच्या खुणा ठरलेल्या आहेत. बेंबी ही एक पातळी, छातीच्या मधल्या हाडाचे खालचे टोक ही दुसरी, स्तनाग्रांची रेषा ही तिसरी. प्रोस्टेटच्या ऑपरेशनला बेंबीपर्यंत पुरते. सिझरला स्तनाग्रांच्या रेषेपर्यंत लागते.

इथे कोणीही विचारेल की सिझरचा छेद तर बेंबीच्या बराच खाली असतो, मग बधिरपणा छातीपर्यंत कशाला? कारण कातडी खालची असली तरी आतल्या पडद्याच्या आणि गर्भाशयाच्या ओढाताणीची जाणीव वरच्या नसांतून जाते. भूल बेंबीशीच थांबली तर छेद कळणार नाही, पण बाळ बाहेर काढताना आणि नंतर आत पुसताना दुखेल. वरच्या गोष्टीतल्या धाकट्या जावेचे असेच झाले असणार.

म्हणजे थोरलीची भूल छातीपर्यंत गेली ती चूक नव्हती, तेवढी जावीच लागते. मग श्वास? श्वास घ्यायला दोन गोष्टी लागतात, बरगड्यांचे स्नायू आणि पोट व छाती यांच्या मधला मोठा पडदा. भूल छातीपर्यंत आली की बरगड्या हललेल्या कळत नाहीत, म्हणून श्वास होत नाहीसे वाटते. पण पडद्याची नस मानेतून येते. ती शाबूत असते आणि श्वास चालू असतो. आपण मोठ्याने बोलू शकतो, खोकू शकतो, याचाच अर्थ हवा आत-बाहेर होते आहे. हे आधी कोणी समजावून सांगितले असते, तर थोरलीची ती दहा मिनिटे इतकी भयाण गेली नसती.

आता यातला खरा घोटाळा सांगतो. मराठीत "कळतंय" हा एकच शब्द आपण दोन गोष्टींना वापरतो. हात लावलेला कळतो, आणि दुखते तेही कळते. डॉक्टर विचारतात "कळतंय का?" आणि आपण "हो" म्हणतो. त्यातून त्यांनी काय समजायचे? ही भूल चांगली लागली तरी स्पर्श, दाब आणि ओढणे थोडे कळू शकते. गारपणाची जाणीव आधी आणि जास्त वरपर्यंत जाते, स्पर्शाची त्याच्या खाली थांबते, आणि पायांची ताकद आणखी खालून गेलेली असते. म्हणून नुसते "कळतंय" म्हणू नका. तीन वेगळी वाक्ये वापरा. "गार लागतंय." "हात लावलेला कळतोय, पण दुखत नाही." "दुखतंय." या तिन्हींवर डॉक्टर तीन वेगळे निर्णय घेतात.

आपल्या लोकांचे दोन्ही बाजूंनी चुकते. काही जण भीतीने, अजून कापू नयेत म्हणून, गार लागत नसताना "लागतंय, लागतंय" म्हणतात. त्यातून गरज नसताना भूल वाढवली जाते किंवा पूर्ण बेशुद्ध करायची वेळ येते. पण माझ्या मते त्याहून जास्त लोक उलटे करतात. डॉक्टर घाईत आहेत, बाहेर रांग लागली आहे, आपल्यामुळे खोळंबा नको, आपण काय बोलणार त्यांच्यापुढे, या संकोचाने ते मान हलवतात. गार लागत असताना "नाही लागत" म्हणून मोकळे होतात आणि मग छेदाच्या वेळी ओरडतात. तिथे संकोचाला जागा नाही. डॉक्टर तो प्रश्न शिष्टाचार म्हणून विचारत नाहीत, मोजमाप म्हणून विचारतात. चुकीचे उत्तर म्हणजे चुकीचे माप.

ऑपरेशन सुरू झाल्यावरही दुखले तर सांगायचे. ब्रिटनमधल्या प्रसूतीच्या भूलतज्ज्ञांनी २०२२ साली सिझरमधल्या वेदनेबद्दल मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. बाई दुखते म्हणाली तर तिचे ऐकावे, शक्य असेल तिथे काम थांबवून औषध द्यावे आणि लागल्यास पूर्ण बेशुद्धीचा पर्याय तिच्यापुढे ठेवावा, असा त्यांचा रोख आहे. जिथे सगळ्या सोयी आहेत तिथेही बायांचे दुखणे "घाबरलीय" म्हणून बाजूला सारले जात होते, म्हणून तर अशा सूचना काढाव्या लागल्या. तेव्हा आपल्या दवाखान्यात "जरा सहन कर" असे कोणी म्हटले, तर पुन्हा सांगायला लाजू नका. डोक्याशी उभे असतात ते भूल देणारे डॉक्टर. त्यांनाच सांगा.

वर जाऊ लागली तर

क्वचित भूल हवी त्यापेक्षा वर चढते. तिच्या खुणा हातांत दिसतात. करंगळीला मुंग्या येतात, मग अंगठ्याकडे, मूठ घट्ट आवळता येत नाही. डॉक्टर "माझं बोट दाबा बघू" म्हणतात ते याचसाठी. आवाज बारीक होतो, कुजबुजल्यासारखा. गिळायला जड जाते. यातले काहीही जाणवले की लगेच सांगा. बोलता येत नसेल तर मान हलवा. भूलतज्ज्ञ हजर असतील तर यावर उपाय आहे. ऑक्सिजन देतात, गरज पडली तर नळी घालून श्वास चालू ठेवतात, बीपी सांभाळतात. औषध काही वेळाने उतरते आणि माणूस पूर्ववत होतो. धोका असतो तो ओळखायला उशीर झाला तर.

त्याच्या आधी आणि कितीतरी जास्त वेळा होते ते बीपी उतरणे. भुलीने रक्तवाहिन्या सैलावतात. गरगरते, जीव घाबरा होतो, मळमळते, उलटी येते. बऱ्याच बायांना वाटते की पित्त झाले किंवा उपाशी ठेवल्याने झाले. "मळमळतंय" हा शब्द ऐकला की डॉक्टर बीपीच्या आकड्याकडे बघतात आणि इंजेक्शन देतात, की मिनिटा-दोन मिनिटांत बरे वाटते. तोही शब्द मनात ठेवू नका.

आधी काय सांगायचे

तपासणीला भूलतज्ज्ञ भेटतात तेव्हा बरोबरचे लोक बोलतात आणि रुग्ण गप्प बसतो. रुग्णानेच बोलावे. आधी अशी भूल घेतली असेल तर ती कुठपर्यंत चढली होती, दुखले होते का, दोनदा टोचावे लागले होते का, हे सगळ्यात उपयोगाचे. कण्याला बाक असेल, मणक्याचा टीबी झाला असेल, पाठीचे ऑपरेशन झाले असेल, तर औषध सारखे पसरत नाही. एका बाजूला लागते, दुसऱ्या बाजूला नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर सुई टोचायची की नाही हाच प्रश्न येतो, म्हणून त्या लपवू नका. दारू, तंबाखू जे असेल ते सांगा. दारू पिणाऱ्याला कमरेतली भूल चढतच नाही हा समज खरा नाही, पण पूर्ण बेशुद्ध करायची वेळ आली तर ही माहिती लागते. शेवटचे कधी खाल्ले हेही खरे सांगा. पोट भरलेले असताना बेशुद्ध करावे लागले, तर उलटी छातीत जाऊन जीवावर बेतते.

कंबर आयुष्यभर दुखते का? टोचलेल्या जागी काही दिवस दुखते. वर्षानुवर्षांची कंबरदुखी या सुईमुळे येते असे अभ्यासांत आढळलेले नाही. बाळंतपण, वाकून कामे, ओझी, पोटाचे सैल पडलेले स्नायू ही कारणे जास्त खरी. डोकेदुखीचे वेगळे आहे. उठून बसले की वाढते आणि आडवे झाले की थांबते, अशी डोकेदुखी ऑपरेशननंतरच्या दोन-तीन दिवसांत सुरू झाली तर ती सुईच्या छिद्रातून पाणी झिरपल्यामुळे असू शकते. तिच्यावर उपचार आहे, म्हणून दवाखान्यात परत जा.

भूल चढते तशीच उतरते, पण वरून खाली. आधी छाती मोकळी होते, मग पोट, मग मांड्या, आणि बैठकीचा भाग सगळ्यांत शेवटी. पाय हलू लागले म्हणून लगेच उठू नका. पहिल्यांदा उठताना कोणाचा तरी आधार घ्या, कारण बीपी अजून सावरलेला नसतो. लघवी साचून राहिली तर कळत नाही, म्हणून नर्सला आठवण करा. इंजेक्शन दिल्यापासून चार तास झाले तरी पाय सरळ उचलता येत नसेल, तर सकाळची वाट न बघता त्याच वेळी डॉक्टरांना बोलवा. आणि सुटी मिळताना डिस्चार्ज कार्डावर भुलीच्या ओळीत औषध, डोस आणि ती कुठपर्यंत चढली हे लिहून मागा. पुढच्या ऑपरेशनच्या वेळी, ते दुसऱ्या गावात असो की दहा वर्षांनी, भूलतज्ज्ञ त्या ओळीवरूनच अंदाज बांधायला सुरुवात करतील.